रीडिंग चॅलेंज घ्यायचंय? आधी गोव्याचं कॅलेंडर बघा, मग आकडा ठरवा

दर डिसेंबरात दोन-तीन जण तरी विचारतात, की तू ते वर्षभर पुस्तकं वाचायचं चॅलेंज करतेस ना, ते नक्की करतात कसं, आणि वाचून झाल्यावर जे लिहितेस ते कसं सुचतं, आम्हाला तर "छान होतं" च्या पुढे काही येतच नाही. प्रत्येकाला वेगवेगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी समीक्षक वगैरे नाही. फोंड्याला राहते, पणजीत नोकरी, रोज बसने येणं-जाणं, आणि सहा वर्षं हे करतेय त्यातली दोन वर्षं साफ आपटलेय, त्यामुळे काय करू नये हे जास्त चांगलं सांगू शकेन.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: जानेवारीत आपला आपणच एक आकडा ठरवायचा, या वर्षी मी इतकी पुस्तकं वाचणार, 31 डिसेंबरपर्यंत त्याची नोंद ठेवायची आणि वाचलेल्या प्रत्येकावर चार ओळी लिहून बाकीच्या वाचणाऱ्यांना सांगायचं. बस्स. बक्षीस नाही, परीक्षा नाही. आमची मावशी अजून विचारते, "इतलें वाचून कितें करतलें गो तूं?" आणि अजून मला तिला देण्यासारखं उत्तर सापडलेलं नाही.

आकडा छोटा ठेवा, खरंच छोटा

पहिल्या वर्षी मी 52 लिहिलं. आठवड्याला एक, त्यात काय मोठं! झाली 19. ते जाऊदे, पण एप्रिलपर्यंत इतकी मागे पडले होते की मग 60-70 पानांची पुस्तकं शोधून शोधून वाचायला लागले, आणि ज्या जाड कादंबरीसाठी हे सगळं सुरू केलं होतं ती कपाटातच राहिली. मोठ्या आकड्याचा हा त्रास आहे, तुम्ही पुस्तक जाडीवरून निवडायला लागता.

हिशोब असा करा. एक पुस्तक सरासरी 200 पानांचं धरा. 12 पुस्तकं म्हणजे 2400 पानं, दिवसाला साडेसहा. 24 म्हणजे 4800, दिवसाला तेराच्या आसपास. आता एक आठवडा काहीही न ठरवता नेहमीसारखं वाचा आणि रोज किती पानं झाली ते फक्त लिहून ठेवा, मग कळेल आपण कुठे आहोत. माझं मोजमाप बसचं आहे, फोंड्याहून बाणस्तारीच्या पुलापर्यंत दहा-बारा पानं होतात, भोमच्या अरुंद रस्त्यात ट्रॅफिक अडकला तर दोन-तीन बोनस, अर्थात बसायला जागा मिळाली तर. ज्यांना बसमध्ये वाचलं की मळमळतं त्यांनी हा नाद सोडून द्यावा, रात्री झोपायच्या आधीची वीस मिनिटं धरावी.

नवीन असाल तर 12 च्या वर जाऊ नका. वाचलेल्याची नोंद ठेवायच्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये आकडा वर्षाच्या मधे कधीही बदलता येतो, तेव्हा जुलैत वाढवा ना, कोण अडवतंय.

आता कॅलेंडर

दिवसाला इतकी पानं हे गणित कागदावर बरं दिसतं, गोव्यात चालत नाही. आपलं वर्ष सपाट नाहीच. जानेवारीत उत्साहाने सुरुवात होते पण जत्रा चालूच असतात, पहाटेपर्यंत नाटक बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय वाचणार. मग कार्निव्हल, लगेच शिगमो म्हणजे आपला शिमगा, त्याच्या रोमटात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, गावातली निम्मी पोरं. एप्रिल-मे म्हणजे घामाने बोटं पानाला चिकटतात आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे, गोव्यात घर असलं की ते घर आपलं राहत नाही हे तुम्हालाही माहीत असेल. एका मे महिन्यात मी अर्धं पुस्तक वाचलं आणि ते सुद्धा मडगाव स्टेशनवर लेट झालेल्या ट्रेनची वाट बघताना.

आणि मग जून.

जून, जुलै आणि चवथीपर्यंतचा, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंतचा, ऑगस्ट हा आपला खरा वाचायचा सीझन. बाहेर धो धो पाऊस, संध्याकाळी कुठे जायचं नाही, लाइट गेली की टीव्ही पण बंद. माझी वर्षाची निम्मी पुस्तकं या अडीच महिन्यांत होतात. म्हणून जाड पुस्तकं, अवघड पुस्तकं, दोन-तीन खंडांचं काही असेल तर ते सगळं पावसासाठी राखून ठेवा, मे संपायच्या आत आणून ठेवा, कारण एकदा पाऊस लागला की ग्रंथालयात जाऊन पिशवीत पुस्तकं घालून भिजत येणं म्हणजे पुस्तकाचा पण छळ. चार्जिंगची टॉर्च भरून ठेवा.

चवथ आली की पंधरा दिवस विसरा. माटोळीचं म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान, फराळ, आरत्या, घुमटं वाजवणं, त्यात पुस्तक शिरत नाही आणि शिरू पण नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोरांचे नरकासुर, मग दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की परत जत्रा. पणजीतल्या सिनेमावेड्यांचे नोव्हेंबरातले आठ-नऊ दिवस इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, जातात, 2004 पासून तो इथेच होतो ना. डिसेंबर म्हणजे नाताळ, टुरिस्ट, रस्ते जाम, पण रस्ते जाम म्हणजे बसमधली पानं वाढली, तेव्हा डिसेंबर तितका वाईट नाही.

तर 12 चा आकडा असेल तर तो महिन्याला एक असा न वाटता जानेवारी ते मेमध्ये 3, पावसात 6, उरलेल्या वर्षात 3 असा वाटा. मार्चमध्ये अ‍ॅप सांगेल की तुम्ही मागे पडलाय. सांगू दे, त्याला शिगमो माहीत नाही.

नोंद कुठे ठेवायची

शाळेची वही चालेल. खरंच. तारीख, नाव, लेखक, पानं, आणि पुढे चार रिकाम्या ओळी. ज्यांना फोनवर हवंय त्यांच्यासाठी गुडरीड्स नावाचं अ‍ॅप आहे, त्यात दरवर्षीचं चॅलेंज असतं, आकडा टाकायचा आणि पुस्तकं जोडत जायची. स्टोरीग्राफ नावाचं दुसरं आहे, त्यात पाव-पाव स्टार देता येतात, गुडरीड्सवर अख्खेच द्यावे लागतात, साडेतीनवाल्यांची पंचाईत.

गुडरीड्सवर नवख्यांचं हमखास चुकतं ते तारखेत. पुस्तक "वाचलं" असं नोंदवलं पण संपवल्याची तारीख टाकली नाही तर ते त्या वर्षाच्या आकड्यात धरलं जात नाही. माझ्या मैत्रिणीची चार पुस्तकं अशीच हवेत होती आणि ती बिचारी ऑक्टोबरभर स्वतःला शिव्या देत होती.

मराठी पुस्तकं सापडत नाहीत ही दुसरी तक्रार. सापडतात, पण एकाच लेखकाचं नाव कुणी देवनागरीत टाकलेलं असतं, कुणी रोमनमध्ये, कुणी आद्याक्षरांमध्ये टिंब देऊन, कुणी न देता, तेव्हा तीन-चार प्रकारे शोधा. मागच्या कव्हरवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असेल तर तो टाका, 2007 पासूनच्या पुस्तकांवर तो 13 आकडी असतो, आधीच्यांवर 10 आकडी, आणि खूप जुन्या मराठी पुस्तकांवर नसतोच. नसेल तर स्टोरीग्राफवर हाताने नवीन नोंद करता येते, पाच मिनिटांचं काम आहे, नाव-लेखक-प्रकाशक-वर्ष-पानं, आणि कव्हरचा फोटो उजेडात काढून. गोव्यात छापलेली कितीतरी पुस्तकं अशीच कुणीतरी पहिल्यांदा टाकायची वाट बघत असतात. वही ठेवणाऱ्यांना ही कटकटच नाही हे कबूल.

पुस्तकं आणायची कुठून

सगळी विकत घ्यायला गेलात तर मार्चमध्ये चॅलेंज बंद पडेल. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. 1832 सालचं आहे हे, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि जुने मेंबर अजून ते आधी जिथे होतं त्या मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीतल्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. मेंबरशिपचे नियम, डिपॉझिट, किती दिवस पुस्तक ठेवता येतं हे काउंटरवर विचारा. तालुक्याला सरकारी ग्रंथालयं आहेत, आणि कित्येक गावांत देवळाच्या किंवा मंडळाच्या खोलीत एक कपाट असतं, त्याची चावी कुणाकडे आहे ते शोधणं हाच खरा उद्योग, पण एकदा चावीवाला ओळखीचा झाला की राज्य तुमचं.

ग्रंथालयाचं पुस्तक घेण्याचा एक मोठा फायदा म्हणजे परत करायची तारीख. विकत घेतलेलं पुस्तक पाच वर्षं वाट बघतं. आणलेलं पुस्तक पंधराव्या दिवशी डोळे वटारतं.

किंडलवर 2016 पासून मराठी ई-बुकं मिळतात, लाइट गेल्यावर तोच उपयोगी पडतो. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात, स्कूटरवर मात्र ऐकू नका प्लीज.

आणि घरातली पुस्तकं पावसाळ्यात सांभाळा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात पुस्तकं ठासून भरली की चवथीपर्यंत कव्हरवर पांढरी बुरशी आलीच समजा, मधे हवा खेळायला जागा सोडा, डांबरगोळ्या ठेवा, आठवड्यातून एकदा कपाट उघडून पंख्याखाली ठेवा. ऊन पडलं की बाहेर काढा, पण कडक उन्हात तासन् तास नको, डिंक सुकून पानं सुटतात. दुसऱ्याचं पुस्तक असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, बुरशी आलेलं पुस्तक परत करताना होणारी आपली तोंडं मी बघितलीयत.

काय मोजायचं, काय नाही

यावर आमच्या वाचणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये दरवर्षी भांडण होतं. ऑडिओबुक मोजायचं का? मी मोजते. दिवाळी अंक? मराठीत 1909 पासून दिवाळी अंक निघतायत, अडीचशे पानं असतात, पण आपण त्यातल्या दोन कथा आणि राशिभविष्य वाचून "झाला" म्हणतो, तेव्हा आमचा नियम असा की जाहिराती सोडून सगळा वाचला तरच एक पुस्तक. आतापर्यंत एकानेच दावा केलाय आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

नाटकाची संहिता मोजायचीच. गावच्या उत्सवात मराठी नाटक करायची आपल्याकडे पिढ्यानपिढ्याची सवय, ज्यांनी आयुष्यात एक कादंबरी वाचली नाही अशा लोकांची आठ-दहा नाटकं तोंडपाठ असतात, आणि ते म्हणतात आम्ही कुठे वाचतो! आमच्या शेजारचे काका याच नियमाने ग्रुपमध्ये आले आणि तीन वर्षांत ऐतिहासिक नाटकांवरून इतिहासाच्या जाड पुस्तकांवर गेले.

कोकणी पुस्तकं मोजायची का हा प्रश्नच पडू नये, पण पडतो. घरात कोकणी, वाचन मराठी, ऑफिसात इंग्लिश असं आपलं आयुष्य. बाकीबाब, म्हणजे कवी बा. भ. बोरकर, यांनी कोकणी-मराठी दोन्ही भाषांत लिहिलं, तर वाचणाऱ्याने एकाच भाषेत का वाचायचं. कोकणीत रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो असे दोन ज्ञानपीठवाले आहेत आणि देवनागरीत छापलेलं कोकणी वाचायला मराठी वाचणाऱ्याला पहिली वीस पानंच काय ती जड जातात. मराठी की कोकणी या भाषावादाच्या बाजूने मी काही बोलत नाही, हा विषय काढला की गोव्यात चहा थंड होतो.

अर्धं सोडलेलं पुस्तक मोजू नका, पण नोंद जरूर ठेवा, कुठल्या पानावर सोडलं आणि का. 50 पानांत पकड आली नाही तर सोडायचं असा माझा नियम आहे. याची लाज वाटायचं कारण नाही.

आता मत लिहायचं

इथेच सगळे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, पुस्तक संपलं त्याच दिवशी लिहा. फार तर दुसऱ्या दिवशी. आठवड्याने फक्त "आवडलं" एवढंच आठवतं. आणि वाचताना एक कागदाचा तुकडा बुकमार्क म्हणून ठेवा, त्याच्यावर पान नंबर टिपत जा, जिथे थांबलात, हसलात, कंटाळलात, चिडलात. शेवटी तोच कागद समोर घेतला की अर्धं मत तयार असतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा करू नका, आधीच कुणीतरी "वा!" लिहून ठेवलेलं असतं तेवढं पुरे.

मग लिहायचं काय? पुस्तक हातात कसं आलं ते. कशाबद्दल आहे ते दोन ओळीत, शेवट न फोडता. एक जागा जी लक्षात राहिली. एक जागा जी जमली नाही. आणि हे कुणाला द्याल. हे सगळं प्रत्येक वेळी हवंच असं नाही, पण शेवटचं सोडू नका, "ज्याला सासू-सुनेच्या गोष्टींचा कंटाळा आलाय त्याला द्या" या एका वाक्यावरून माणूस पुस्तक उचलतो, "साहित्यविश्वात मोलाची भर" वाचून कुणी उचलत नाही.

उदाहरण देते. खाणीच्या गावावरची एक कादंबरी वाचली तेव्हा मी आधी लिहिलं होतं: "अप्रतिम कादंबरी, गोव्याच्या वास्तवाचं विदारक चित्रण, प्रत्येकाने वाचायलाच हवी." काय कळलं? काही नाही. पुस्तक न वाचता पण हे लिहिता येतं. मग खोडून असं लिहिलं: "पहिली 40 पानं सात-आठ माणसं एकदम येतात, मी दोनदा मागे जाऊन नावं बघितली. पण खाण बंद पडल्यावर कर्जावर घेतलेला टिपर, खनिज वाहायचा ट्रक, दारात गंजत उभा राहतो आणि म्हातारी त्याच्या आरशावर पापड वाळवायचं फडकं टांगते तिथे मी बसमधून उतरायची विसरले. शेवट घाईत गुंडाळलाय. सावर्डे, डिचोली, सांगेकडच्या मित्रांना द्या, ते चुका काढतील आणि तरी वाचतील." दुसरं लिहायला दहा मिनिटं जास्त लागली, पण त्यावर सहा जणांनी ते पुस्तक मागितलं.

मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवून टाकू नका, तो प्रकाशकाने पुस्तक विकायला लिहिलेला असतो. दुसऱ्यांची मतं आपलं लिहून झाल्यावर वाचा. "मला" हा शब्द वापरायला घाबरू नका, "संथ आहे" आणि "मला संथ वाटलं" यात फरक आहे.

स्टार देताना सगळ्यांना पाच देणारे आणि सगळ्यांना दोन देणारे दोघेही उपयोगाचे नाहीत. मी असं ठरवलंय, तीन म्हणजे वाचून बरं वाटलं, चार म्हणजे दुसऱ्याला देईन, पाच म्हणजे परत वाचेन. वर्षात पाच स्टारवाली दोन किंवा तीन निघतात.

लेखक शेजारी राहतो तेव्हा

पुण्या-मुंबईला बसून मत लिहिणं वेगळं. गोव्यात ज्याच्या पुस्तकाला तुम्ही दोन स्टार दिले तो तुमच्या मामेबहिणीच्या नवऱ्याचा मास्तर निघतो, रवींद्र भवनात पुढच्या रांगेत बसलेला असतो, आणि काही नाही तर जत्रेत भेटतोच. त्यामुळे इथल्या पुस्तकांवर एक तर सगळे गोड गोड लिहितात नाहीतर गप्प बसतात, आणि मग खऱ्या चांगल्या पुस्तकाचं कौतुक पण त्या गोडात विरघळून जातं.

माझंच सांगते. तिसऱ्या वर्षी एका कथासंग्रहाबद्दल मी लिहिलं की यात छपाईच्या चुका फार आहेत आणि दोन कथा सोडल्या तर बाकीच्या एकसारख्या वाटतात. दोन स्टार. पुढच्याच आठवड्यात म्हार्दोळला एका लग्नात जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "वाचलं हां तुझं. चूक खंयच्या पानार आसा गो?" म्हणजे चूक कुठल्या पानावर आहे? लेखक. हातात ताट, समोर सोलकढी, आणि मला एक सुद्धा पान नंबर आठवेना. ते अजिबात रागावलेले नव्हते, दुसरी आवृत्ती काढणार होते आणि त्यांना खरोखरच यादी हवी होती. मी काहीतरी पुटपुटले. घरी येऊन परत पुस्तक घेतलं, पानांसकट यादी केली, 11 चुका निघाल्या, "फार" म्हणण्याइतक्या नव्हत्या. यादी पाठवली आणि माझं मत पण दुरुस्त केलं, स्टार मात्र दोनच ठेवले कारण कथा एकसारख्या वाटल्या होत्या त्या वाटल्याच होत्या.

तेव्हापासून मी असं करते. जे म्हणणं लेखकाच्या तोंडावर जेवणाच्या रांगेत म्हणता येईल तेच आणि त्याच शब्दांत लिहायचं. वाईट म्हणायचं असेल तर पान नंबर हवा, चांगलं म्हणायचं असेल तरी हवा. पुस्तकाबद्दल लिहायचं, माणसाबद्दल नाही, त्याची नोकरी, जात, पक्ष, कुणाचा नातेवाईक, हे सगळं बाहेर. नातेवाईकाचं किंवा जवळच्या मित्राचं पुस्तक असेल तर ते पहिल्या ओळीत सांगायचं आणि स्टार द्यायचेच नाहीत. प्रकाशन समारंभात फुकट मिळालेली प्रत असेल तर ते पण सांगायचं. आणि कविता कळली नसेल तर "मला कळली नाही" म्हणायचं, हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

कुणी वाद घातला तर एकदा उत्तर द्या, दुसऱ्यांदा नको. त्याला पुस्तक आवडलं, तुम्हाला नाही, संपलं.

एकट्याने करू नका

चार-पाच जण पुरेत. आमचा सात जणांचा ग्रुप आहे, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी भजी-चहा, प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, पुस्तक हातात धरून. ज्याने काही वाचलं नाही त्याने भजी आणायची. यात शिक्षा काही नाही कारण जून सोडून दर महिन्याला भजी आणणारे तिघे असतातच. बोलताना जे सुचतं तेच घरी जाऊन लिहिलं की मत तयार, ज्यांना लिहायची भीती वाटते त्यांनी आधी व्हॉइस मेसेज करून पाहावा आणि मग तोच ऐकून उतरवावा.

सप्टेंबरात चवथीचे पाहुणे गेले की एकदा आकडा बघा. फार मागे असाल तर तो कमी करा, पातळ पुस्तकांच्या मागे लागू नका. पुढे असाल तर वर्षाचं ते एक जाड पुस्तक काढा. 31 डिसेंबरला अर्धं राहिलेलं पुस्तक पुढच्या वर्षात मोजायचं, संपवल्याची तारीख ज्या वर्षाची ते त्या वर्षाचं, रात्री बारा वाजेपर्यंत जागून पानं पलटवणारे आमच्याकडे पण आहेत पण त्यांना जानेवारीत शेवट विचारला की सांगता येत नाही.

चला, मला थांबायला हवं. पाटोहून आणलेल्या पुस्तकाची परत करायची तारीख आत्ता बघितली, उद्याच आहे आणि 70 पानं राहिलीत. उद्या भोमला ट्रॅफिक असू दे रे देवा.